धुरपदाची भट्टी

पौडच्या बाजाराच्या मागच्या अंगाला भिवाजीचं घर होतं, आणि घरापुढच्या फणसाखाली त्याची मोटार महिनाभर जागची हलली नव्हती. पुढच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली होती. भिवाजीनं ती बघितली आणि कोंबडीला हुसकलंसुद्धा नाही. माणूस किती खचला होता ते एवढ्यावरून ओळखा. एरवी ह्या गाडीच्या पायरीवर कुणी चिखलाचा पाय ठेवला तरी हा अंगावर धावून जायचा.

मोटारीचं नाव धुरपदा. ते भिवाजीनं ठेवलेलं नव्हे, गावानं ठेवलेलं. लढाईच्या वर्षांत पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा ही गाडी कोळशावर पळायची. मागं एक उंच लोखंडी भट्टी बांधलेली, आणि धुराचा लोट सोडत ही बाई डुलत डुलत यायची, म्हणून धुरपदा. पुढं लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्टी उतरली, धूर गेला. नाव तेवढं राहिलं.

आता सत्तावन्न साल तोंडावर आलं होतं. सातासमुद्रापलीकडं कुठल्या तरी कालव्यावरनं देशादेशांत भांडण जुंपलं होतं. त्या कालव्याचं नाव पौडात कुणाला धड घेता येत नव्हतं, पण त्याच्यापायी पुण्याच्या पंपांवर पेट्रोलची मारामार सुरू झाली. मोठ्यांच्या गाड्या आधी, डॉक्टरांच्या त्यानंतर, आणि भिवाजीचा नंबर लागेपर्यंत पंपवाला हात झाडून मोकळा. एस.टी. होती, नाही कोण म्हणतो! पण एस.टी. सडक सोडून आत वळत नव्हती. उरवड्याची बाळंतीण, मुठ्याचा तापानं फणफणलेला म्हातारा, अंगाची हळद न उतरलेली नवरी, हे सगळं धुरपदातनंच जायचं आणि यायचं. ते सगळं बंद पडलं.

अशात एके सकाळी भूगावचे हैबतराव आले. हैबतराव म्हणजे बागाईत जमीन, नवी खोदलेली विहीर आणि बोलण्यात कायम वरचा सूर. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या अडचणीचा वास त्याला फार लांबनं यायचा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावून हुंकार भरला.

"भिवाजी, गाडीचं सोड. पर इंजान झकास हाय. माझ्या हिरीवर बसवतो. मोटंपरास लई पानी वडंल."

"पर पेट्रोल तुमाला तरी कुटं मिळतंय, पाटील?"

"उन्हाळ्यापत्तोर येईल की. मला दम हाय. तुला हाय का?"

भिवाजीला दम नव्हताच. "आनि बाकीची गाडी?" त्यानं खाली बघत विचारलं.

"बाकी काय, पत्रा हाय. कोंबड्यांचं खुराडं तर झालंच हाय!" हैबतराव स्वतःच्याच बोलण्यावर खदाखदा हसले.

भिवाजी हसला नाही. म्हणाला, "संक्रांतीपत्तोर गाडी चालली तर चालली. न्हाई तर बैलं घेऊन या आनि वडून न्या." पौडात शब्द दिला की दिला. हैबतराव खूश होऊन गेले.

आत दाराआड भिवाजीची बायको गोजराबाई तांदूळ पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. गाडी जाणार म्हणजे नवऱ्याचं पोट जाणार, हे तर होतंच. पण गोजराबाईचं सूप थांबलं ते पोटासाठी नव्हतं. त्या गाडीत तिची एक जागा होती. ती जागा जाणार होती.

आता ही जागा कसली, ते सांगायला पाहिजे.

कोळशाची मोटार चालवणं म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. भट्टी पेटवायची, हातानं पंखा फिरवून तिला वारा घालायचा, कोळसा पेटला की गॅस इंजिनाकडं सोडायचा. वाटेत राख ओढायची, वरनं कोळसा भरायचा. त्याला क्लीनर लागतो. भिवाजीनं लढाईच्या वर्षांत दोन क्लीनर ठेवून बघितले. एक धुरानं पळाला, दुसरा पलटणीत भरती झाला. तिसऱ्याला द्यायला गाठीला काही नव्हतं. तेव्हा नुकतीच नांदायला आलेली गोजरा पुढं झाली आणि म्हणाली, "चूल पेटवाया मला येती की. ही जरा मोठी चूल, येवडंच."

सासूनं कपाळावर हात मारून घेतला. गावात तर चर्चेला ऊत आला. सून मोटारीवर बसून गावोगाव हिंडणार! पण मोटार बंद पडली तर घरात खायचं काय, ह्याचं उत्तर चर्चा करणाऱ्यांकडं नव्हतं. म्हणून झुंजुरकं व्हायच्या आधी गोजरा पदर खोचून भट्टीपाशी उभी राहायची. पेटता बोळा बाजूच्या हवेच्या भोकाशी धरायचा आणि दुसऱ्या हातानं पंख्याचा दांडा गरागरा फिरवायचा. गॅस तयार झाला का ते बघायला नळीच्या तोंडाशी काडी लावायची. पिवळी, फडफडणारी जोत म्हणजे अजून दम धरा. निळी, थिर जोत लागली की ती हाक मारायची, "झाली वं!" मग भिवाजी वाटीभर पेट्रोलवर इंजिन चालू करायचा आणि लगेच गॅसवर घ्यायचा. मागच्या सीटच्या कोपऱ्यात, भट्टीच्या शेजारी, कोळशाच्या पोत्याला टेकून गोजरा बसायची. ती तिची जागा.

तिथनं तिनं काय नाही बघितलं! भुकुमाच्या माळावर उतरलेलं धुकं, मुठ्याच्या खोऱ्यात पिवळी पडलेली भातं, पुण्यातले विजेचे दिवे. माहेरी सासरी जाणाऱ्या पोरी तिच्या शेजारी बसून रडायच्या आणि ती त्यांना आपल्या काळ्या हातानं थोपटायची, की पोरीचं लुगडंही काळं. आणि पिरंगुटाचा घाट आला की खरी गंमत. कोळशाच्या गाडीला चढ झेपत नसे. उतारू खाली उतरायचे, भिवाजी उतरायचा, आणि म्हणायचा, "गोजरे, ष्टेरिंग धर." पहिल्यांदा तिनं ते दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मग सवय झाली. गाडी पहिल्या गेरात कण्हत चाललीय, मागनं नवरा आणि चार उतारू रेटा देतायत, आणि पुढं गोजरा स्टेअरिंग धरून ताठ बसलीय! वरनं येणारे गाडीवान बैलं थांबवून बघायचे.

खोटं कशाला बोलू, तेवढी चार वर्षं ती बाई जगली. डोळे चुरचुरायचे, हातांना भेगा पडायच्या, कधी गॅस नाकात जाऊन डोकं असं धरायचं की वाटेत उतरून वारा खावा लागायचा. पण दिवसभर नवऱ्याशेजारी. घरात सासूसमोर जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्या गाडीत बोलणं झालं.

आणि मग पेट्रोल आलं. भिवाजीनं भट्टी उतरवून गोठ्यात ठेवली आणि पुण्याहून बायकोला हिरवंगार लुगडं आणलं. "सुटलीस बघ, गोजरे! आता तुला धुरात मरायला नगं." किती मायेनं म्हणाला होता! आता ह्याला काय सांगणार? लुगडं नेसून ती गोठ्यात गेली आणि त्या थंड भट्टीपाशी बसून पोटभर रडली. भिवाजीला वाटलं, आनंदानं रडतेय. पुरुषाला असं वाटायला वेळ लागत नाही.

त्याला आता इतकी वर्षं झाली. सासू गेली. मूलबाळ झालं नाही. भिवाजी सकाळी गाडी घेऊन जायचा, दिवस कलला की यायचा, आणि मधला सगळा दिवस गोजराबाई भिंतींशी बोलायची. भट्टीत ती कोंड्याचा साठा करायची.

हैबतराव गेले त्या दुपारी नवरा जेवायला बसला आणि गोजराबाईनं भाकरी वाढता वाढता विषय काढला.

"भट्टी बसवा की परत."

"कसली भट्टी?"

"गोठ्यातली. कोळशाला काय कुणाचं भांडान आडवं येत न्हाई."

भिवाजीनं घास खाली ठेवला. "याड लागलंय का तुला? ती गंजून गेलीया. आनि चालली तरी, पुन्यांदा त्या धुरात घालू तुला? तुझं हाल बघितल्यात मी. डोळं सुजायचं, हात फुटायचं. लोक म्हंतील, बायकूला कोळशात घातली."

"लोक गेलं खड्ड्यात!" गोजराबाई एवढ्या मोठ्यानं बोलली की दारातली मांजर पळाली. "हाल झालं म्हनून मी सांगितलं का कदी तुमाला? लुगडं आनलं, भट्टी उतरवली, सगळं केलं. मला इचारलं का, गोजरे तुला काय पायजे म्हनून? रोज गाडी घेऊन जाता आनि मी दारात हुबी. घर खायला उठतंय मला. मला गाडीत बसायचंय. तुमच्यासंगं. त्या धुरातच मी सुखात हुते!"

आणि एवढं बोलून ती चुलीकडं तोंड करून बसली. आपण काय बोलून गेलो ह्याची तिलाच लाज वाटली. भिवाजी ताटावरनं उठला. हात धुतला. बाहेर गेला. गोजराबाईला वाटलं, गेला रागावून. थोड्या वेळानं गोठ्यातनं लोखंड फरफटत ओढल्याचा आवाज आला.

भट्टीतला कोंडा काढला तर खाली उंदरांचा संसार निघाला. भिवाजीनं नथू लोहाराला बोलावलं. नथू भिवाजीचा बालमित्र, हात चांगला पण तोंड फटकळ. त्यानं भट्टीवर हातोडीनं टकटक केलं आणि मान हलवली. "भिवा, हिची चाळन झालीया. सांध्यासांध्यातनं उजेड दिसतुया."

"जमंल तेवढं कर."

दोघांनी मिळून भट्टी गाडीच्या मागं चढवली, नळ्या जोडल्या, गॅस गाळायच्या डब्यात नवा काथ्या भरला. इकडं गोजराबाईनं बाजारात कोंडीबाला गाठलं. कोंडीबा वरच्या डोंगरातल्या पाड्यावर राहायचा, रानात कोळसा पाडून विकायचा. लढाईच्या काळात धुरपदाचा कोळसा त्याच्याकडनंच यायचा.

"कोंडीबा, कोळसा पायजे. गाडीचा."

कोंडीबा बघतच राहिला. "धुरपदा हाय अजून? बाई, आमची पोरं अजून तिचं नाव घेत्यात. तुमी वाटंत गाडीत घ्यायच्या त्यांना." आणि दोन दिवसांनी तो आपणच पोती उतरवून गेला. ऐनाच्या लाकडाचा, खणखणीत वाजणारा कोळसा. गोजराबाईनं तो अंगणात बसून आवळ्याएवढा फोडला, चाळून भुकटी काढली. कपाळापर्यंत काळी झाली, आणि गाणं गुणगुणत होती.

पण गाडी काही चालेना. भट्टी पेटायची, गोजराबाई पंखा फिरवून घामाघूम व्हायची, आणि काडी लावली की जोत पिवळीच. फडफडायची आणि विझायची. इंजिनाला गॅस दिला की ते दोनदा ठसकायचं आणि गप्प. नथू म्हणाला, "गंजलेल्या सांध्यातनं बाहेरची हवा आत शिरतीया. गॅस पातळ हुतोय." त्यानं सांध्यांत चिंध्या कोंबल्या, त्या जळून गेल्या. काथ्या कोंबला, तोही गेला. "माती थापावी म्हनलं तर गाडीच्या हादऱ्यानं घटकंत पडंल." प्रत्येक खेपेला इंजिन चालू करायला वाटीभर पेट्रोल जायचं, आणि शिल्लक राहिलेली बाटली तळाला आली. संक्रांत तोंडावर.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भिवाजी म्हणाला, "उद्याच्याला एकदा बगायचं. न्हाई झालं तर हैबतराव हायेतच."

गोजराबाईला झोप कुठली! पहाटे पहाटे ती उठली. सणाचा दिवस, म्हणून आधी घरातली चूल सारवायला घेतली, आणि सारवता सारवता तिच्या मनात चरचरलं. अगं बाई! चूल इतकी वर्षं बंद ठेवून पुन्हा पेटवायची तर आधी सारवायची, हळदकुंकू वाहायचं, मग विस्तव घालायचा. ही रीत आईनं शिकवली, सासूनं शिकवली. आणि आपण काय केलं? भट्टीत उंदरांचा संसार होता, तो झाडला आणि सरळ विस्तव टाकला. मग कशी चालेल! रुसणारच की ती.

शेण, काळी माती आणि राख कालवून तिनं घमेलंभर गारा केला आणि अंधारातच फणसाखाली गेली. बुडापासून झाकणापर्यंत भट्टी सारवली. एक हात झाला, वाळेपर्यंत वाट बघून दुसरा. मन भरलं नाही म्हणून तिसरा. वर पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची, आणि चिमूटभर तीळगूळ. मनातल्या मनात म्हणाली, "चुकलं असंल तर पदरात घे. पर माझी जागा मला दे."

उन्हं आली तसे हैबतराव आले. दुसऱ्या दिवशी करिदिन, त्या दिवशी वस्तू नेऊ नये, म्हणून संक्रांतीलाच. खांद्यावर दोरखंड, मागं गड्याच्या हातात बैलजोडी. नथू आला. मग काय, आळीतली माणसं जमायला वेळ लागतोय थोडाच! भिवाजी तोंड धुऊन बाहेर आला आणि भट्टी बघून जागच्या जागी थबकला.

"हे काय गं?"

"सारवली," गोजराबाई म्हणाली.

"सारवली?"

"चूल न्हाई का सारवत?"

माणसं हसायला लागली. हैबतराव तर मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "आता इंजनाला बी ओवाळून घ्या म्हनावं!" भिवाजीचा चेहरा लाल झाला, पण तो बायकोला बोलला नाही. त्यानं बोळा रॉकेलात बुडवला, पेटवला आणि भट्टीशी वाकला. मग उजवीकडं वाकला. मग डावीकडं. पेटता बोळा हातात घेऊन त्यानं भट्टीभोवती आख्खी प्रदक्षिणा घातली.

"गोजरे, भोक कुटं गेलं?"

गोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. हवेचं भोक! ते उघडं ठेवायचं असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आयुष्यात शेकडो वेळा तिनंच तिथं बोळा धरला होता. पण आत गांधिलमाशी शिरू नये म्हणून नथूनं त्यात चिंधी कोंबली होती, आणि अंधारात सारवायच्या नादात तिचा हात त्या चिंधीवरनंही फिरला होता. तोही तीनदा. आता सगळीकडं सारखं गुळगुळीत.

"हितं कुटंतरी आसंल," ती पुटपुटली. आळीनं पोट धरलं. एक म्हातारा तर हसता हसता खोकल्यानं बेजार झाला. भिवाजीचा बोळा हातातच विझला.

तो एकदाचा कडाडला, "अगं, चूल हाय का ही? मोटार हाय मोटार! सगळ्या गावात हसं केलंस!"

गोजराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती पुढं झाली. तिनं डोळे मिटले आणि नुसत्या हातानं भट्टीवर चाचपलं. हात इतक्या वर्षांचा सरावाचा होता. एका जागी थांबला. "हितं," ती म्हणाली. भिवाजीनं सळई खुपसली, चिंधी बाहेर आली, आणि भोक मोकळं झालं.

दुसरा बोळा पेटवला. गोजराबाईनं पंख्याचा दांडा धरला आणि फिरवायला लागली. नाक ओढत, डोळे पुसत, जीव खाऊन. थोड्या वेळानं नथूनं नळीच्या तोंडाशी काडी लावली.

जोत लागली. निळी. फडफडली नाही, विझली नाही.

नथू वाकून बघत राहिला. मग त्यानं भट्टीच्या सांध्यांवरनं हात फिरवला, कान लावला आणि सरळ झाला. "भिवा, हवा कुटनंच शिरंना. सगळं सांधं बुजल्यात शेनानं!"

"झाली वं!" गोजराबाई ओरडली. इतक्या वर्षांत ती हाक त्या अंगणात उठली नव्हती.

भिवाजी बाटलीतलं शेवटचं पेट्रोल ओतून हँडल मारायला धावला. इंजिन ठसकलं, आणखी एकदा ठसकलं, आणि गॅसवर घेतलं तसं धडधडायला लागलं. फणसावरचे कावळे उडाले. धुरपदा हलली. कोंबडी खिडकीतनं बाहेर पडली. हैबतराव खांद्यावरच्या दोरखंडाची गुंडाळी करायला लागले. गोजराबाईनं काळ्या हातानं त्यांच्यापुढं तीळगूळ धरला. "घ्या पाटील, आनि ग्वाड बोला."

हैबतराव हसले, आता खरे हसले. "ग्वाड बोलतो, बाई. पर मला भूगावला सोडा. बैलं येतील मागनं." आणि पिरंगुटाच्या घाटात त्यांनाही उतरून रेटा द्यावा लागला. घरी पोचले तेव्हा पांढरं मुंडासं इतकं काळं झालं होतं की त्यांच्या कुत्र्यानंच त्यांच्यावर भुंकून घेतलं.

नथूचं एक म्हणणं मात्र खरं ठरलं. दिवसभराच्या हादऱ्यांनी आणि उष्णतेनं सारवणाला तडे जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवल्याशिवाय भट्टी धरायची नाही. म्हणजे रोज पहाटे सारवण, रोज भट्टी, रोज गोजराबाई. आणि भोक शाबूत ठेवून हो! ती मागच्या सीटच्या कोपऱ्यात बसली आणि इतक्या वर्षांचा मधला काळ कुणीतरी पुसून टाकल्यासारखं तिला झालं. भुकुमाच्या माळावर तेच धुकं. पोरी सासरी जाताना तशाच रडत होत्या, आणि त्यातल्या एकीच्या थोरल्या बहिणीला गोजराबाईनंच सासरी पोचवलेलं होतं. नवरा तिकडं गाडी चालवता चालवता मान न वळवता बोलायचा, आणि ती इकडनं हुंकार द्यायची. घरी भिंतींशी बोलणं बंद झालं.

एकच भीती मनात होती. हे सगळं त्या लांबच्या भांडणावर चाललंय. भांडण मिटलं की आपली जागा गेली. बाकीचं जग पेट्रोलची वाट बघत होतं आणि ही बाई रोज दिवा लावताना देवाला म्हणायची, अजून थोडं भांडू दे की त्यांना! पाप वाटायचं, पण म्हणायची.

पाडवा होऊन गेला. चैत्राची उन्हं तापायला लागली. एक दिवस मुठ्याकडच्या वाटेवर वाल्मीकची मोटार त्यांना मागं टाकून भुर्रकन निघून गेली. वाल्मीक हा उरवड्याचा, त्याचीही गाडी हिवाळाभर उभीच होती. गोजराबाई पोत्यावरनं पुढं वाकली.

"त्याला कुटनं मिळालं पेट्रोल?"

"ठेवलं आसंल राखून," भिवाजी म्हणाला. मग उन्हाच्या तडाख्यावर बोलायला लागला.

त्यानंतर आठवड्यानं एका नवरीला भूगावला पोचवलं. भिवाजी मांडवात पानसुपारीला गेला आणि गोजराबाई राख काढायला खाली उतरली. हात पुसायला चिंधी पाहिजे म्हणून तिनं मागची सीट उचलली. खाली गोणपाटात गुंडाळलेला डबा होता. पाण्याचा असेल म्हणून ओढला, तर जड. झाकण फिरवलं आणि वास नाकात गेला. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल.

ती तशीच डब्याशेजारी बसून राहिली. आलं तर! कधी आलं कोण जाणे. म्हणजे आज नाही तर उद्या भट्टी उतरणार, गोठ्यात जाणार, आणि आपण दारात. ह्या खेपेला कोणत्या रंगाचं लुगडं आणतील? तिला रडू आवरेना. मांडवातनं नवरा येताना दिसला तसं तिनं झाकण लावलं, डबा गोणपाटात गुंडाळला, सीट खाली टाकली आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. सांगू दे त्यालाच. आपण नाही विचारायचं.

भूगाव मागं पडलं, भुकूम मागं पडलं. भिवाजी नवरीच्या बापाच्या गमती सांगत होता. तिनं एकदाही हुंकार दिला नाही. घाट लागला. गाडी रिकामी होती, तरी कोळसा तळाला गेल्यामुळं पहिल्याच चढाला धापा टाकायला लागली. आता, गोजराबाईच्या मनात आलं. आता हा थांबणार, सीट उचलणार, डबा काढणार. आता सांगणार.

भिवाजीनं गाडी पहिल्या गेरात टाकली, खाली उडी मारली आणि म्हणाला, "गोजरे, ष्टेरिंग धर."

ती पुढं जाऊन बसली. हात स्टेअरिंगवर गेले. मागं नवऱ्यानं खांदा लावला. उतारू कुणी नव्हते, एकटाच. चाळिशी उलटलेला माणूस चैत्राच्या उन्हात रेटा देत होता. त्याच्या धापा तिला पुढं ऐकू येत होत्या. गाडी कण्हत, घसरत, इंच इंच वर चढत होती, आणि सीटखाली पेट्रोलचा भरलेला डबा प्रत्येक खड्ड्याला डुचमळत होता. त्याचा आवाज तिला ऐकू आला आणि मग सगळं तिच्या ध्यानात आलं. डबा आजचा नव्हता. वाल्मीकला मिळालं तेव्हाच ह्यालाही मिळालं असणार.

डोळे असे भरून आले की तिला पुढचा रस्ता दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले, काजळी गालभर झाली, आणि तिनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं.

"अवं!"

"काय गं?" मागनं धापा टाकत आवाज आला.

"पेट्रोल मिळाया लागलं का वं कुटं?"

मागनं रेटा जरा जास्तच जोरात बसला.

"न्हाई गं," भिवाजी म्हणाला. "लई टंचाई हाय."

"आसू दे," गोजराबाई म्हणाली. "मला काय घाई न्हाई." आणि तिनं वळणावर गाडी नीट सांभाळून घेतली.